लघुकादंबरीवरून पटकथा: आधी नियमांची वही, मग पहिला सीन

पहाटेचं धुकं, नदीकाठ, समईची ज्योत, मागे मंत्रांचा घोष आणि सोवळ्यातला एक म्हातारा घाट उतरतोय. आचार-विचारांच्या जुन्या जगातल्या एखाद्या लघुकादंबरीवर कोणी पटकथा लिहायला घेतली, की माझ्याकडे वाचायला येणारा मसुदा बहुतेक वेळा असाच सुरू होतो. पुढे चाळीस पानं उलटली तरी या माणसांची नेमकी अडचण काय आहे ते कळत नाही. वातावरण मात्र भरपूर असतं.

गडबड लिहिण्यात कमी असते, क्रमात जास्त. लोक सीनपासून सुरुवात करतात. सीन हे या कामातलं सहावं पाऊल आहे. त्याआधीची पाच चुकवली, तर एकाच कादंबरीचे आठ ड्राफ्ट होतात आणि आठवा पहिल्याइतकाच ढिला असतो.

उदाहरणाला एकच कादंबरी धरतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही: यू. आर. अनंतमूर्तींची कन्नड ‘संस्कार’, १९६५ सालची. तिच्यावर पट्टाभिराम रेड्डींनी १९७० साली चित्रपट केला. पटकथा गिरीश कार्नाडांची आणि प्राणेशाचार्यांची भूमिकाही त्यांचीच. कथा थोडक्यात अशी. दुर्वासपूर नावाच्या अग्रहारात, म्हणजे माध्व (मध्वाचार्यांच्या वैष्णव पंथातल्या) ब्राह्मणांच्या वस्तीत, नारणप्पा मरतो. त्याने हयातभर सगळे आचार लाथाडलेले, चंद्री नावाच्या बाईला घरात ठेवलेलं. आता त्याचं अंत्यकर्म कोणी करायचं? प्रेत उचलेपर्यंत कोणी जेवायचं नाही. सगळे प्राणेशाचार्यांच्या तोंडाकडे बघतात आणि आचार्य पोथ्यांकडे. तुमच्या हातात दुसरी कादंबरी असेल, तर तिची उदाहरणं आपापल्या जागी घाला. पावलं तीच राहतील.

१. हक्क: लिहिण्याआधी, चर्चेआधी

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ही वर्षं मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून मोजतात. अनंतमूर्ती २०१४ साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०७४ संपेपर्यंत हक्कात आहे. ‘जुनी कादंबरी आहे, कोण विचारतंय’ हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलंय, त्यांच्यापैकी एकाचाही चित्रपट पूर्ण झालेला मला माहीत नाही.

हक्क लेखी आणि सहीनिशीच घ्यावे लागतात. करारात चार गोष्टी शब्दांत लिहून घ्या: कोणती कृती, कोणता हक्क, किती वर्षं आणि कोणता प्रदेश. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणखी एक कलम बहुतेकांना ठाऊक नसतं. करारात वेगळं काही म्हटलं नसेल आणि हक्क घेतल्यापासून वर्षभरात तुम्ही ते वापरले नाहीत, तर ते आपोआप संपतात. आपल्याकडे निर्माता मिळायलाच दीड वर्ष जातं, तेव्हा हे कलम वकिलाला दाखवून बदलून घ्या.

इथे घसरतात: लेखक हयात नसेल तर एका मुलाची सही घेऊन मोकळे होतात. वारस तीन असतील तर सह्या तीन. दुसरं म्हणजे भाषांतर. तुम्ही ‘संस्कार’ ए. के. रामानुजन यांच्या १९७६ च्या इंग्रजी अनुवादातून वाचली असेल, तर मूळ कादंबरीचा हक्क वेगळा आणि अनुवादातल्या वाक्यांचा वेगळा. त्या अनुवादातले शब्द संवादात उतरवणार असाल तर तीही परवानगी लागेल. आणि आधी चित्रपट झालेला असेल तर कादंबरीचे चित्रपटहक्क आज नेमके कोणाकडे आहेत हे शोधल्याशिवाय वही उघडू नका.

२. तीन वाचनं, तीन रंग

पहिलं वाचन पेनशिवाय, शक्यतो एका बैठकीत. वाचून झाल्यावर दोन दिवस थांबा आणि पुस्तक न बघता आठवतंय ते एका पानावर लिहा. ते पान जपून ठेवा, पुढे काटछाट करताना त्याचाच आधार लागतो.

दुसरं वाचन तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन. लाल म्हणजे डोळ्यांना दिसणारी किंवा कानांना ऐकू येणारी कृती. निळा म्हणजे माणसाच्या डोक्यात चाललेलं. हिरवा म्हणजे नियम: रूढी, शास्त्र, सोवळं-ओवळं, कोणी कोणाच्या हातचं खायचं. ‘संस्कार’सारख्या पुस्तकात निळा रंग पानं भरून सांडतो, लाल कमी दिसतो आणि लेखक बिचकतो. बिचकायचं कारण नाही. तुमचं भांडवल हिरव्या रंगात आहे.

तिसरं वाचन मोठ्याने, आणि फक्त संवादांचं. कादंबरीतला संवाद डोळ्यांसाठी लिहिलेला असतो. मोठ्याने वाचलं की कुठे दम लागतो ते कळतं.

३. नियमांची वही

या लेखातलं एकच पाऊल करणार असाल तर हे करा.

अशा कादंबऱ्यांत परंपरा मागच्या पडद्यावर रंगवलेली नसते. गोष्ट तिच्यावर चालते, चाकं आसावर चालावीत तशी. नियम काढला की गोष्ट जागची हलत नाही. म्हणून वहीत प्रत्येक हिरवी ओळ उतरवा आणि तिच्यापुढे चार रकाने आखा: नियम काय, मोडला तर कोणाचं काय जातं, तो पाळण्यात कोणाचा फायदा, आणि पडद्यावर तो एकही वाक्य न बोलता कशावरून कळेल.

‘संस्कार’मधला पहिला नियम घेऊ. प्रेत गावात असेपर्यंत अग्रहारात कोणी अन्नाला शिवायचं नाही. मोडला तर सगळ्या अग्रहाराला विटाळ. फायदा कोणाचाच नाही. पण तोटा सर्वांत जास्त दासाचार्याचा, कारण तो श्राद्धपक्षाच्या जेवणांवर जगणारा माणूस आहे, आणि शेवटी भूक न आवरून शेजारच्या गावात जाऊन खाऊन येतो. पडद्यावर कशावरून कळेल? थंड चूल. झाकून ठेवलेलं पातेलं. कडेवरचं पोर पातेल्याकडे हात करतंय आणि आई तो हात हळूच खाली घेते. इथे ‘शास्त्रानुसार प्रेत असताना भोजन निषिद्ध आहे’ असं कोणाच्या तोंडी घातलंत तर सीन मेला.

दुसरा नियम जरा अवघड. नातलग नसेल तर कोणीही ब्राह्मण अंत्यकर्म करू शकतो. पण नारणप्पा ब्राह्मण राहिला होता का? त्याने शाळिग्राम नदीत फेकला, देवळाच्या तळ्यातले मासे धरले. मग त्याला वाळीत का टाकलं नव्हतं? कारण त्याने धमकी दिली होती, की वाळीत टाकलंत तर मुसलमान होईन आणि याच अग्रहारात राहीन. म्हणजे नियम मोडणाऱ्याने नियमाचाच आधार घेऊन सगळ्यांना बांधून ठेवलं होतं. हा पेच प्रेक्षकाला पहिल्या पंधरा मिनिटांत कळला नाही, तर पुढचा दीड तास त्याला ही माणसं नुसती हट्टी वाटतील.

आणि मग चंद्री स्वतःचे दागिने काढून खर्चासाठी आचार्यांपुढे ठेवते. मघाशी नको-नको म्हणणाऱ्यांना आता कर्म करावंसं वाटू लागतं. तुमच्या वहीतला ‘फायदा कोणाचा’ हा रकाना या क्षणी उपयोगी पडतो: सोनं पडल्याबरोबर तो रकाना प्रत्येक नावापुढे बदलतो. नियम तोच, फक्त माणसांचा हिशोब फिरतो. या सीनला संवाद जवळजवळ लागतच नाही. नजरा पुरतात.

तपासा: वहीतले कोणतेही तीन नियम झाकून कथा सांगून बघा. तरीही कथा सांगता आली, तर ते नियम सजावटीचे आहेत, सीनमध्ये त्यांना जागा देऊ नका. कथा अडली, तर तेच तुमचे खांब.

४. घड्याळ लावा

कादंबरीला वेळ थांबवता येतो. एक परिच्छेद वीस वर्षं मागे जातो, एक वाक्य तिथेच घुटमळतं. चित्रपट पुढे सरकत राहतो, त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात कुठलं तरी घड्याळ टिकटिकत असावं लागतं.

‘संस्कार’मध्ये घड्याळ तयारच मिळतं: प्रेत. त्याला वास सुटतो, भूक वाढते, प्लेगने उंदीर मरून पडू लागतात, छपरांवर गिधाडं येऊन बसतात. एका लांब कागदावर तासांची रेघ मारा आणि प्रत्येक घटना तिच्यावर टाका. कोणत्या वेळी कोण किती तासांचा उपाशी आहे, हेही लिहा. नटाला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा भूमिकेवरच्या कुठल्याही निबंधाचा होत नाही.

पण सगळ्या कादंबऱ्यांत प्रेत नसतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा उभी राहते, दिवस जातात, आणि मग दुष्काळ. तिथे घड्याळ पावसाचं आहे, आणि ते सुरुवातीला दिसतही नाही. अशा पुस्तकात ऋतूची रेघ मारायची: या सीनला पाणी कुठवर आहे, गवत कुठल्या रंगाचं, मेंढरं कशी दिसतात. अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर चित्रपट केला. पुस्तक आणि चित्रपट शेजारी ठेवून हा व्यायाम जरूर करा.

सावधान: घड्याळ मध्येच बंद पडतं, ती जागा आधीच ओळखून ठेवा. ‘संस्कार’मध्ये चंद्री एका मुसलमान माणसाच्या मदतीने रातोरात नारणप्पाला अग्नी देते आणि निघून जाते. अग्रहाराला पत्ताच नाही. वाचकाच्या दृष्टीने प्रेताचं घड्याळ इथे थांबतं, गावकऱ्यांच्या दृष्टीने चालूच राहतं. आता तुम्हाला ठरवावं लागेल की प्रेक्षकाला हे दाखवायचं की लपवायचं. दाखवलंत तर पुढच्या प्रत्येक चर्चेला, मठाच्या प्रत्येक वारीला कडवट हसू येतं, कारण माणसं नसलेल्या प्रेतासाठी वणवण करताहेत. लपवलंत तर एक धक्का मिळतो, एवढंच. मी दाखवण्याच्या बाजूचा.

५. डोक्यातलं बाहेर काढणं

निळ्या रंगाकडे आता या. इथे सर्वाधिक मसुदे बुडतात, आणि बुडण्याच्या तीन ठरलेल्या जागा आहेत: व्हॉइस-ओव्हर, आरशापुढचं स्वगत, आणि ‘आचार्य विचारात पडतात’ अशी कंसातली सूचना. विचारात पडलेला माणूस आणि जेवण जड झालेला माणूस कॅमेऱ्याला सारखेच दिसतात.

नियम असा ठेवा: प्रत्येक निळ्या परिच्छेदाला विचारायचं की हे वाटल्यामुळे हा माणूस हाताने काय वेगळं करेल? उत्तर मिळालं तर तो सीन. मिळालं नाही तर तो परिच्छेद कादंबरीतच राहू द्या.

एक सीन जवळून बघू. पोथ्यांत उत्तर मिळत नाही म्हणून प्राणेशाचार्य मारुतीच्या देवळात जातात. उजवीकडचं फूल पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. कोकणात आणि गोव्यात याला कौल लावणं, प्रसाद घेणं म्हणतात, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला समजावण्यात एक सेकंदही घालवायला नको. कादंबरीत आचार्य बसून राहतात, मारुती काहीच बोलत नाही.

पहिला ड्राफ्ट साधारण असा येतो:

*आचार्य (हात जोडून): मारुतीराया, शास्त्र मुकं झालं, आता तूही मुका झालास. मी कोणाकडे जाऊ?*

यात खोटं काही नाही. पण हे आपल्याला आधीच माहीत आहे, आणि सीन एका जागी उभा राहिला आहे. आता हेच हातांनी:

*सीन २२. अंतर्गत. मारुतीचं देऊळ. दुपार.*
*आचार्य दोन्ही फुलं ओल्या गंधाने मूर्तीला चिकटवतात आणि मागे सरून बसतात.*
*जमिनीवर दारातून आलेला उन्हाचा पट्टा. तो आचार्यांच्या गुडघ्यापाशी आहे.*
*पाल चुकचुकते. आचार्य झटकन वर बघतात. फुलं जागच्या जागी.*
*उन्हाचा पट्टा आता भिंतीवर चढला आहे. बाहेर वारा सुटतो. उजवं फूल थरथरतं.*
*आचार्य त्या फुलाकडे बघत राहतात. ते कधीही पडेल.*
*आचार्य उठतात आणि देवळाचं दार लावून घेतात.*

हे तपशील माझे, कादंबरीतले नव्हेत. आधी मी शेवट वेगळा लिहिला होता: आचार्य हळूच बोटाने उजवं फूल सैल करतात. सीन चटकदार झाला होता. दुसऱ्या दिवशी वाचताना लाज वाटली, कारण हा माणूस देवाला फसवणाऱ्यांतला नाही. वाऱ्याने देवाच्या वतीने उत्तर देऊ नये म्हणून दार लावणारा आहे, आणि त्या प्रामाणिकपणातच तो अडकलाय. बाहेर काढलेली कृती नुसती दिसून भागत नाही. ती त्याच माणसाची असावी लागते.

याच कादंबरीचा तिसरा भाग हे पटकथाकाराचं खरं दुखणं आहे. बायकोचं दहन करून आचार्य गाव सोडतात आणि नुसते चालत सुटतात. प्रेत नाही, भूक नाही, अग्रहार नाही. उरतो तो चंद्रीशी झालेल्या संगाचा अपराध आणि भीती, म्हणजे सगळा निळा रंग. लेखकाने मात्र इथे एक माणूस देऊन ठेवलाय: पुट्टा. वाटेत चिकटलेला, तोंडाचा पट्टा न थांबणारा, कोडी घालणारा, मेळिगेच्या जत्रेत आचार्यांना कॉफीपासून कोंबड्यांच्या झुंजीपर्यंत सगळीकडे ओढत नेणारा. गर्दी होते म्हणून पुट्टाला कापणारे मसुदे मी पाहिलेत. त्याला कापलंत की आचार्यांचं मौन ऐकूच येत नाही. मौन ऐकू यायला शेजारी कोणीतरी बडबडावं लागतं. तुमच्या कादंबरीतही असा एक बडबड्या असेल, बहुधा दुय्यम म्हणून दुर्लक्षित. त्याला शोधा.

व्हॉइस-ओव्हर मुळीच वापरू नका असं मी म्हणत नाही. तो काढूनही सीन उभा राहत असेल, तरच ठेवा.

६. वन लाइन, आणि कोणाला कापायचं

आता सीन. पण तेही एकेका ओळीत. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट, असा अंदाज धरला तर दोन तासांच्या आत बसायला शंभर-एकशेदहा पानांची पटकथा आणि साठ ते ऐंशी सीन. प्रत्येक सीनची एक ओळ, आणि त्या ओळीत क्रियापद हवंच. ‘अग्रहारातील दुःखी वातावरण’ ही ओळ नव्हे. ‘लक्ष्मण आणि गरुड दोघेही कर्म नाकारतात’ ही ओळ.

पात्रं एकत्र करताना नावं मोजू नका, कामं मोजा. अग्रहारातले सात-आठ ब्राह्मण कागदावर सारखे वाटतात. एकाचं काम भूक, दुसऱ्याचं सोन्याचा लोभ, तिसऱ्याचं वैर. दोघांचं काम एकच असेल तर दोघांचा एक करा. कामं वेगळी असतील तर गर्दी वाटली तरी राहू द्या.

कापताना सगळ्यांत आधी कुऱ्हाड पडते ती गावाबाहेरच्या वस्तीवर. तिथली तरुणी बेळ्ळी आणि तिची माणसं. बजेट वाचतं ना! पण प्लेग आधी तिथे पोचतो. तिथली माणसं मरतात, झोपड्या जाळल्या जातात, आणि अग्रहाराला त्याचा अर्थ कळत नाही. ही वस्ती कापलीत तर पुढे उंदीर आकाशातून पडल्यासारखे येतात. शिवाय ज्यांना नियमाने गावाबाहेर ठेवलं, त्यांना चित्रपटानेही बाहेरच ठेवल्यासारखं होतं. त्या वस्तीला निदान एक सीन असा द्या, ज्यात तिच्याकडे बघणारा अग्रहारातला कोणी नाही.

चंद्रीचंही तसंच. कादंबरीत ती बराच वेळ पुरुषांच्या नजरेतून येते. पडद्यावर तिला चेहरा असतो, आणि चेहरा काही ना काही म्हणतोच. तेव्हा ती काय बघते आहे, हे प्रत्येक सीनच्या समासात लिहा.

तपासा: सर्व ओळी एकाला फक्त वाचून दाखवा, कथा माहीत नसलेल्या माणसाला. तो जिथे ‘म्हणजे?’ असं विचारतो, तिथे पाऊल ३ कच्चं राहिलंय.

७. भाषा

मराठी कादंबरी असेल तर प्रश्न असा: कोणाची मराठी? सगळ्या गावाच्या तोंडी एकच ‘जुनी’ भाषा घालायची सवय लागलीय, त्यात ‘आहेसा’ आणि ‘म्हणता जाहला’ची फोडणी. गावात भिक्षुक, कुळं, बायका आणि पोरं एकसारखं बोलत नाहीत, कधीच बोलत नव्हती. दुसऱ्या भाषेतून आणत असाल तर मूळ गाव कुठलं ते बदलू नका. शिमोग्याकडचं गाव रत्नागिरीत उचलून ठेवलं, की माध्व आणि स्मार्त (शंकराचार्यांना मानणारे ब्राह्मण) या भेदापासून मठाच्या सत्तेपर्यंत सगळे खांब निखळतात.

संस्कृत मंत्रांचं भाषांतर खाली सबटायटलला देऊ नका. पात्रालाही त्यातलं सगळं कळत नसतं, मग प्रेक्षकाला कशाला?

जातिवाचक शिव्या हा नाजूक भाग. सगळ्या पुसल्यात तर नियमाची धारच जाते. पानोपानी ठेवल्यात तर लेखकाला मजा येतेय असं वाटतं. जिथे शिवी दिल्याने कोणाचं तरी काही बिघडतं, तिथे ठेवा. नुसत्या रंगासाठी असेल तर काढा.

८. शेवट बंद करू नका

कादंबरीच्या शेवटी आचार्य गाडीत बसून दुर्वासपुराकडे निघालेले आहेत. पोचून काय सांगणार, ठाऊक नाही. निर्माता हमखास विचारेल, ‘मग पुढे?’ तुम्हालाही गावात पोचल्याचा, कबुलीचा, अश्रूंचा सीन सुचेल, आणि चांगला सुचेल. लिहा, पाकिटात घाला, पाकीट बंद करा. प्रश्नावर उभ्या असलेल्या कादंबरीला उत्तर जोडलं, तर आधीचे दोन तास लांबवलेली प्रस्तावना ठरतात.

पण खुला शेवट म्हणजे अर्धवट शेवट नव्हे. शेवटच्या सीनआधी माणसासमोर दोनच वाटा उरल्या पाहिजेत, आणि दोन्हींची किंमत प्रेक्षकाला माहीत असली पाहिजे.

९. शूटिंगआधीचे कागद

बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे संवादांसह पूर्ण पटकथा, झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये तिची नोंदणी करा, मगच निर्मात्याला नरेशन द्या, म्हणजे वाचून दाखवा.

प्राणी असतील तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. ‘संस्कार’सारख्या कथेत हा मोठा मामला आहे. कोंबड्यांची झुंज खरी लावता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. गिधाडं तर मिळणारच नाहीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे ती देशभर इतकी मेली, की २००६ साली त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी घालावी लागली. तेव्हा व्हीएफएक्सचा खर्च आधीच धरा, किंवा गिधाड न दाखवता छपरावरचा आवाज आणि वर वळलेल्या माना वापरा. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि मला वाटतं चांगलाही.

सेन्सॉरची तयारी एडिटनंतर करायची नसते. १९७० च्या ‘संस्कार’ला मद्रासच्या सेन्सॉरने आधी अडवलं होतं. पुढे केंद्राकडून तो सुटला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला. आता यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे आहेत. वादाचा वाटेल अशा प्रत्येक सीनपुढे मूळ कादंबरीचं पान आणि नियमांच्या वहीतली ओळ लिहून ठेवा. समितीसमोर ‘हे कथेला हवंच आहे’ असं म्हणण्यापेक्षा हा कागद पुढे सरकवणं बरं.

१०. सेट आणि एडिट

सल्लागार म्हणून प्राध्यापक घ्यायला हरकत नाही, पण सोबत रोज भिक्षुकी करणारा एक गुरुजीही घ्या, आणि त्याच पंथाचा. सोलापूर किंवा पुण्यातही माध्व घरं आहेत, माणूस मिळतो. त्याच्याकडून कर्म एकदा पूर्ण करून घ्या, कॅमेरा न लावता, वेळ मोजून. कुठलं पात्र कुठे ठेवतात, पाणी कुठल्या बोटांवरून सोडतात, हे तेव्हाच दिसतं.

रंगभूषेत ठरलेली चूक: सगळ्यांच्या कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. माध्वांना ते चालणार नाहीत. त्यांचं उभं गंध असतं, अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा असतात. शेजारच्या गावचे स्मार्त वेगळे दिसले नाहीत, तर दासाचार्याने त्यांच्याकडे खाण्यात गुन्हा काय, हे कोणाला कळणार?

दुसरी चूक जानव्याची. एरवी ते डाव्या खांद्यावर असतं, पितृकर्मात उजव्या खांद्यावर घेतात, म्हणजे अपसव्य. कंटिन्युइटी (शॉटगणिक तपशील जुळतात का ते) बघणाऱ्याच्या तक्त्यात सीनगणिक हा रकाना हवाच. आणि ही चूक सेटवर टाळली तरी एडिटमध्ये परत येते. दोन माणसांच्या नजरा जुळत नाहीत म्हणून एडिटर शॉट आडवा उलटवतो, चेहऱ्यात काही कळत नाही, पण जानवं खांदा बदलतं आणि जिवंत माणूस मध्येच श्राद्धाला बसल्यासारखा दिसतो. पहिल्याच दिवशी एडिटरच्या टेबलावर चिठ्ठी लावून ठेवा: उघड्या अंगाचा एकही शॉट फ्लिप करायचा नाही.